टेनर रेकॉर्डरला चावी लावायची तर आधी भोकाची जागा ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पेडण्याला तुमचं लेथचं काम आहे, बांबूच्या बासऱ्या तुम्ही बरीच वर्षं बनवता, आणि आता शाळेतल्या मुलांच्या रेकॉर्डर-गटासाठी (रेकॉर्डर म्हणजे चोचीतून फुंकायची उभी बासरी) लाकडी टेनर आणि जमल्यास त्याहून मोठा, खालच्या सुरांचा बास बनवायचा विचार आहे. मुलांची करंगळी टेनरच्या शेवटच्या भोकापर्यंत पोचत नाही, म्हणून चाव्या, म्हणजे लांबचं भोक उघडझाक करणाऱ्या धातूच्या तरफा, लावाव्या लागणार. त्या किती लावायच्या, कुठे लावायच्या, कशाच्या करायच्या, आणि आपल्या पावसात टिकतील का, असं तुम्ही विचारलंय. मी फोंड्याजवळ रेकॉर्डर बनवतो आणि क्लॅरिनेट दुरुस्त करतो. या कामात सव्वीस वर्षं गेली. जे हातातून गेलंय तेवढंच सांगतो.

चावी बोटासाठी असते असा सगळ्यांचा समज असतो. तिचं खरं नातं भोकाशी आहे. नळीतल्या हवेला भोक एका ठरावीक जागी आणि ठरावीक आकाराचं लागतं, हाताला ते भलतीकडेच सोयीचं पडतं. चावी आली की भोक हवेच्या सोयीने पाडता येतं आणि बोट हाताच्या सोयीने ठेवता येतं. तेव्हा मुलांचे हात मोजण्याआधी भोक कुठे हवं ते काढा. बरेच जण बिनचावीच्या टेनरची मापं घेतात, भोकं आहेत तिथेच ठेवतात आणि वर पितळी पत्रा बसवतात. अशी चावी दिसायला छान दिसते, पण तिचा अर्धा उपयोग तिथेच संपतो.

हिशोब अवघड नाही. आपल्याकडच्या २८ अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४८ मीटर जातो. टेनरचा खालचा सा, म्हणजे मधला सी, २६१.६ हर्ट्झचा. दोन्ही टोकं उघडी असलेल्या नळीत अर्धी लाट मावते, म्हणजे साधारण ६६ सेंटिमीटर. प्रत्यक्षात नळी याहून बरीच आखूड निघते, कारण खिडकीपाशी (फुंकेच्या टोकाजवळचं चौकोनी भोक) आणि खालच्या तोंडाशी हवेची लाट नळीच्या थोडी बाहेर येते. हाच हिशोब टेनरपेक्षा लहान अशा अल्टो रेकॉर्डरच्या खालच्या एफचा केला तर ५० सेंटिमीटर येतात. थोडक्यात टेनर हा अल्टोच्या ४/३ पट. भोकांमधलं अंतरही तेवढ्याच पटीने वाढतं, दहा वर्षांच्या मुलाचा पंजा मात्र वाढत नाही. बासचा खालचा एफ १ मीटरच्या आसपास जातो, तिथे मोठ्या माणसाचाही हात पुरत नाही.

बासरी बनवणाऱ्याने एक फरक नीट लक्षात ठेवायला हवा. बासरीत ओठ फिरवून सूर चढवता-उतरवता येतो, एखादं भोक किंचित चुकलं तर वाजवणारा सावरून घेतो. रेकॉर्डर हा आपल्या अलगुजाच्या जातीचा. फुंकेची वाट ठोकळ्याने बांधलेली, हवेचा पट्टा थेट खिडकीच्या धारेवर जाऊन आदळणारा. ओठाला तिथे काही काम नाही. जोरात फुंकलं की सूर चढतो, हळू फुंकलं की पडतो. भोक चुकलं तर ते चुकलेलंच ऐकू येतं. बासरीचा अंदाज इथे चालवून नेता येत नाही, हे मी बासरीवाल्यांना पहिल्याच दिवशी सांगतो.

चावी रेकॉर्डरला नवी नाही. जर्मन लेखक झेबास्टियान फिरडुंगच्या १५११ सालच्या पुस्तकातल्या चित्रात बासला चावी आहे, आणि तिच्यावर भोकं पाडलेलं लाकडी पिंप चढवलेलं आहे. ते पिंप चावीला ठेच लागू नये म्हणून. चावीचा वरचा दांडा त्या काळी दोन बाजूंना फाटलेला करत, मासळीच्या शेपटीसारखा, कारण कुठला हात वर आणि कुठला खाली हे तेव्हा ठरलेलं नव्हतं. डावखुरा असो की उजवा, करंगळी एका फाट्यावर पडायचीच. एकच चावी, पण किती विचार करून केलेली. मला ती आजही शिकण्यासारखी वाटते.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नाकडे चाकान नावाची चोचीची बासरी आली, पहिल्यांदा चालण्याच्या काठीच्या आकारात. साध्या चाकानाला एक चावी असे, वादक तयार झाले तशा डझनभर चाव्यांपर्यंत गाडी गेली. एर्न्स्ट क्रेमर या ओबोवादकाने तिच्यासाठी भरपूर लिहिलं. इंग्लंड-फ्रान्समध्ये फ्लॅजिओलेट या चोचीच्या लहान बासरीलाही अशाच चाव्या लागल्या. या सगळ्या वाद्यांत चावी दोन कामांना आली: न पोचणारं भोक बंद करायला, आणि अर्ध्या सुरांसाठी वेगळं भोक उघडायला. विसाव्या शतकात इंग्लंडचे रेकॉर्डरवादक कार्ल डोल्मेच यांनी नळीच्या खालच्या तोंडालाच झाकणारी चावी लावली. अल्टोचा वरचा एफ शार्प एरवी नीट लागत नाही, तो तिने मिळतो. आणि मार्टेन हेल्डर या कारागिराने मोलेनहाउअर या रेकॉर्डर बनवणाऱ्या कंपनीसोबत जे टेनर केले त्यांत नळीची मूळ आखणीच बदललेली आहे. वरचे सूर नळीच्या नैसर्गिक स्वरमालेत बसावेत म्हणून पोकळीच वेगळी ठेवली आणि चाव्या त्या पोकळीच्या मागून आल्या. हाच क्रम बरोबर आहे.

आता कुणी तुम्हाला म्हणेल, जर्मन बासरीकार टेओबाल्ड ब्योमने १८३२ साली शंकूच्या आणि १८४७ साली सरळ नळीच्या बासरीला जशी चाव्यांची व्यवस्था केली तशी रेकॉर्डरलाही करून टाका. नका करू. ब्योमच्या बासरीत प्रत्येक अर्ध्या सुराला स्वतःचं मोठं भोक आहे. रेकॉर्डर उभा आहे तो लहान भोकांवर आणि काट्याच्या बोटांवर, म्हणजे एक भोक उघडं ठेवून त्याच्या खालची एकदोन बंद करायची आणि सूर उतरवायचा. भोकं मोठी केली की ही बोटं चालेनाशी होतात. लहान भोकाचा सूर थोडा मऊ, थोडा झाकलेला असतो, आणि रेकॉर्डरचा स्वभाव तोच आहे.

तर चाव्या किती? माझं उत्तर: शाळेच्या टेनरला एक, फार तर दोन. कारण एक चावी दुसरी मागते. समजा खालून दुसरं, म्हणजे उजव्या अनामिकेचं सहावं भोक तुम्ही चावीखाली घेतलंत. बोटाखाली ते जोडभोक होतं, दोन लहान भोकं शेजारी. एक उघडं ठेवलं की अर्धा सूर मिळायचा. पॅड, म्हणजे चावीच्या टोकाची भोक झाकणारी गादी, अर्धा उघडा राहत नाही, म्हणजे तो अर्धा सूर गेला. तो परत हवा तर आणखी एक चावी. तिच्यासाठी फिरायची पिन, स्प्रिंग, आणि तिला वाट करून द्यायची म्हणून आधीचा दांडा वाकवायचा. मी असा पाच चाव्यांचा टेनर एकदा पूर्ण केला, महिनाभराचं काम होतं. तो सुरात होता, पण हातात घेतला की सगळं वजन खाली ओढायचं आणि बारा वर्षांच्या मुलीचा अंगठा दहा मिनिटांत दुखायला लागायचा. तिच्या शिक्षिकेने तो परत आणला तेव्हा मी चार चाव्या काढल्या, भोकं शिसवीच्या गुल्ल्यांनी बुजवून पुन्हा पाडली. ती मुलगी आता त्यावर छान वाजवते.

चावीच्या आधी एक उपाय करून बघा, तो फुकट आहे. भोक तिरकं पाडायचं. आतलं तोंड हवेला हवं तिथे, बाहेरचं तोंड बोटाकडे सरकलेलं. भिंत ७ मिलिमीटर जाड असेल आणि ड्रिल ३० अंश कलतं धरलं तर भोकाचं बाहेरचं तोंड ४ मिलिमीटर सरकतं. बसून (bassoon) नावाच्या मोठ्या फुंकवाद्याच्या एका भागात लाकूड मुद्दाम जाड ठेवतात ते याचसाठी. तीन-चार भोकं अशी तिरकी केली की टेनरची पकड बऱ्यापैकी आवळते. डाव्या अनामिकेचं भोक तर मी नेहमीच तिरकं करतो. एवढं करूनही जे भोक उरतं ते सातवं, करंगळीचं. त्याला चावी.

आता चावीची जात ठरवा. खुली चावी म्हणजे बोट उचललेलं असताना भोक उघडं, बोट दाबलं की बंद. करंगळीच्या खालच्या सी साठी हीच लागते. बंद चावी उलट: एरवी झाकलेली, दाबली की उघडते. खुल्या चावीची पिन नळीच्या लांबीला समांतर ठेवा, बोटाचा पाट आणि पॅडची वाटी पिनेच्या एकाच बाजूला. बोट खाली, वाटी खाली. बंद चावीला पिन आडवी, मधोमध, मुलांच्या झोक्यासारखी. एक टोक दाबलं की दुसरं वर. नवीन माणूस इथेच गोंधळतो, खुल्या चावीला आडवी पिन मध्ये घालतो आणि मग दाबल्यावर भोक उघडतं. स्प्रिंगमध्येही फरक असतो. खुल्या चावीत भोक बोटाच्या जोराने बंद होतं, म्हणून स्प्रिंग अगदी हलकी चालते, फक्त वाटी उचलण्यापुरती. बंद चावीत भोक फक्त स्प्रिंगच्या भरवशावर झाकलेलं असतं, तिथे ताकद लागते. अर्धा सूर हवाच असेल तर सी आणि सी शार्पच्या दोन खुल्या चाव्या शेजारी शेजारी लावा. एक दाबली की सी शार्प, दोन्ही दाबल्या की सी. यापुढे शाळेच्या वाद्यात जाऊ नका.

पॅड किती उचलला पाहिजे हे बहुतेक जण डोळ्याने ठरवतात. हिशोबाने ठरवा. भोकाचा व्यास १० मिलिमीटर असेल तर हवा बाहेर पडायला भोकाएवढीच जागा पॅडच्या कडेने मिळाली पाहिजे. गणित केलं तर ती व्यासाच्या एक चतुर्थांश उंचीला मिळते, म्हणजे अडीच मिलिमीटर. मी एक तृतीयांश धरतो, सव्वातीन. त्याहून कमी उचललात तर वरचा डी थोडा उतरतो आणि बसक्या आवाजाचा होतो, आणि तुम्ही भोक मोठं करत बसता. खरं म्हणजे भोक बरोबर असतं, पॅड त्याच्या तोंडावर हात धरून बसलेला असतो. दुसरं, चावीचं भोक पॅड लावूनच सुरात आणायचं. नुसत्या उघड्या भोकावर सूर जुळवला आणि मग पॅड बसवला तर सूर उतरणारच.

पॅडची बैठक हे कामाचं काळीज आहे. नळी गोल, पॅड सपाट. गोल पाठीवर सपाट पॅड कधीच बसत नाही. भोकाभोवती लाकूड सपाट करून मध्ये एक बारीक, उंच कड ठेवायची, एक मिलिमीटरपेक्षाही पातळ, आणि पॅड त्या कडेवर टेकला पाहिजे. यासाठी मी जुन्या स्टीलच्या ड्रिल बिटला घासून मध्ये खुंटी असलेलं कटर केलंय. खुंटी भोकात बसते आणि कड आपोआप भोकाच्या मध्यावर राहते. लाकूड मऊ असेल तर ही कड दोन वर्षांत दबते. तिथे मी पितळी नळीचा तुकडा बसवतो. पॅड वाटीत चपडा लाखेवर बसवा. वाटी हलकी तापवली की लाख मऊ होते, पॅड कडेवर हलक्या हाताने दाबून स्वतःची जागा शोधू द्यायचा, मग गार होऊ द्यायचा. फेविक्विकने पॅड चिकटवू नका. पुढच्या पावसात तो हलवायला लागणार आणि तेव्हा वाटीच वाकेल.

पॅड कशाचा, याचं उत्तर आपल्या हवेवर आहे. जुने युरोपातले बासवाले सपाट चामडं लावत. आपल्याकडे आषाढात ते फुगतं आणि श्रावणात त्यावर बुरशी धरते. क्लॅरिनेटचे पातळ पडद्याचे पॅड चांगले सील होतात, पण लहान मुलं चावीवर नख मारतात आणि पडदा फाटतो. बारीक दाण्याचा कॉर्क किंवा सिलिकॉन हे दोनच मी शाळेच्या वाद्याला लावतो. सिलिकॉनचा आवाज थोडा चपचपीत येतो, मुलांना त्याने फरक पडत नाही.

धातू पितळ किंवा जर्मन सिल्व्हर, दीड मिलिमीटरचा पत्रा पुरतो, सांधे चांदीच्या सोल्डरने. साध्या शिशाच्या सोल्डरचा सांधा मुलांच्या हातात टिकत नाही. स्प्रिंग मात्र फॉस्फर ब्राँझचीच घ्या. शिवणाच्या सुईची स्प्रिंग करायची जुनी युक्ती आहे, मीही सुरुवातीला ती वापरली. आपल्या खाऱ्या हवेत ती गंजते आणि एक दिवस मुलगा स्टेजवर असताना मोडते. समुद्रापासून दूर असलात तरी फार फरक पडत नाही.

आता लाकूड. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण गोव्यात चावीचा रेकॉर्डर बिघडतो तो लाकडामुळे.

लाकूड हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं. हवेची आर्द्रता ६५ टक्के असली की लाकडात साधारण १२ टक्के पाणी राहतं, ८५ टक्के झाली की १८ च्या आसपास. आपल्याकडे मिरग लागल्यापासून चवथ होईपर्यंत हवा वरच्या आकड्याशीच असते. आणि लाकूड तिन्ही दिशांना सारखं फुगत नाही. लांबीत जवळजवळ हलत नाही, झाडाच्या वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने सगळ्यात जास्त हलतं, गाभ्याकडून सालीकडे त्याच्या साधारण निम्मं. म्हणून पावसाळ्यात गोल कातलेली नळी मे महिन्यात अंडाकृती होते. २० मिलिमीटरच्या पोकळीत हा फरक एक दशांश मिलिमीटरच्या आसपास जाऊ शकतो. बोटाच्या मांसल टोकाला याने काही होत नाही, बोट जागा भरून काढतं. पॅड भरून काढत नाही. कडेवर केसाएवढी फट राहिली तरी खालचा सी बोलत नाही, नुसता श्वास ऐकू येतो.

माझा पहिला चावीचा टेनर मी मे महिन्यात पूर्ण केला. जूनच्या अखेरीस घेऊन गेलेले गृहस्थ परत आले, खालचे दोन सूर बंद. मी पॅड बदलला, पुन्हा आठवड्याने तेच. शेवटी कॅलिपर लावला तेव्हा पाय, म्हणजे नळीचा खालचा भाग, अंडाकृती झालेला दिसला. लाकूड ज्याच्याकडून घेतलं होतं त्याने ते वाळलेलं म्हणून दिलं होतं. तेव्हापासून मी कुणाच्या शब्दावर लाकूड घेत नाही, वजन करून घेतो. चौकोनी तुकडा कापला की मधून पोकळीपेक्षा लहान भोक पाडून ठेवायचं म्हणजे आतूनही वाळतो. टोकांना मेण लावायचं म्हणजे टोकं आधी वाळून फुटत नाहीत. दर महिन्याला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवायचा आणि आकडा त्याच तुकड्यावर पेन्सिलीने लिहायचा. पहिल्या वर्षी आकडा उतरत जातो. मग एक वेळ अशी येते की पावसात थोडा चढतो, उन्हाळ्यात तेवढाच उतरतो, आणि दर वर्षी त्याच दोन आकड्यांत फिरतो. तो तुकडा तयार झाला. माझ्याकडचे काही तुकडे सहा वर्षांचे आहेत.

कातायचं कधी? मी खरवडून काढायचं काम केव्हाही करतो, पण पोकळीचा शेवटचा रीमर (पोकळी आतून मापात आणणारं हत्यार) आणि पॅडची कड दिवाळीनंतर, नोव्हेंबर-डिसेंबरात. तेव्हा लाकूड दोन्ही टोकांच्या मधे असतं, म्हणजे कुठल्याही बाजूला निम्माच प्रवास उरतो.

याच कारणाने पिन नळीला समांतर असलेली चावी मला आवडते. पिन धरणाऱ्या दोन खुंट्यांमधलं अंतर लाकडाच्या लांबीत आहे, ते बदलत नाही, पिन आवळत नाही की खुळखुळत नाही. आडव्या पिनेच्या खुंट्या लाकडाच्या आडव्या दिशेत पडतात, पावसात त्या एकमेकींपासून सरकतात. आडवी पिन लावायचीच असेल तर खुंट्यांऐवजी जुनी पद्धत धरा: कातताना नळीवर लाकडाचंच एक कडं सोडायचं, त्यात चावीच्या रुंदीची खाच कापायची आणि पिन त्या कड्यातूनच आरपार घालायची. खाचेत दोन्ही बाजूंना कागदाच्या जाडीची मोकळीक ठेवा. पहिल्या वाद्याला मी हीच पद्धत सुचवीन, खुंट्यांचे आटे लाकडात सरळ पाडणं सरावाशिवाय जमत नाही.

लाकूड कुठलं, यावर लोक फार वाद घालतात. आपलं शिसव उत्तम आहे, जड, घट्ट, कड धरून ठेवणारं. त्याचा भुसा मात्र नाकाला आणि कातडीला बाधतो, तोंडावर चांगला मास्क हवा. परदेशात वाद्य पाठवायचं मनात असेल तर हेही ध्यानात घ्या की २०१७ पासून शिसवाच्या जवळजवळ सगळ्या जाती साइटीस (धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या) कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, कच्च्या लाकडाला नाही. रेकॉर्डरच्या डोक्यातल्या, म्हणजे वरच्या भागातल्या, ठोकळ्याला मात्र शिसव चालत नाही. तिथे पेन्सिलीचं तांबडं सिडर लागतं, ते श्वासातलं पाणी पिऊन घेतं आणि त्या मानाने कमी फुगतं. ठोकळ्याला तेल लावू नका. बाकी नळीला जवसाचं तेल, आतून-बाहेरून, पॅड काढून ठेवून.

बासबद्दल माझं मत स्पष्ट आहे: गोल कातू नका. मीटरभर लांब सरळ रीमर करणं, तेवढं सरळ रेषेचं वाळलेलं लाकूड मिळवणं, आणि मग ते पावसात सरळ राहील अशी आशा करणं, हे शाळेच्या खर्चात बसत नाही. हर्बर्ट पेट्झोल्ड या जर्मन कारागिराने प्लायवूडचे चौकोनी बास केले, आत घडी घातलेली वाट आणि बाहेर रुंद सपाट चाव्या. ते बघितलं तेव्हा मला हा आपल्या हवेचाच विचार वाटला. प्लायवूडचे थर एकावर एक आडवे-उभे असतात, एकमेकांना हलू देत नाहीत. भिंत सपाट असल्यामुळे पॅडच्या बैठकीचा अर्धा प्रश्न तिथेच संपतो. मरीन प्लाय घ्या, कापलेल्या कडा आतून-बाहेरून नीट सील करा. अशा बासला जवळजवळ सगळ्याच भोकांना चाव्या लागतात, पण सपाट पाटीवर त्या करणं सुतारकामासारखं आहे, तुम्हाला ते लवकर जमेल.

टेनरच्या कामाचा क्रम असा ठेवा. आधी डोकं बोलतं करा, धार, खिडकी आणि फुंकेची वाट. डोकं बोलत नाही तोवर एकही भोक पाडू नका. मग पोकळी, मग बोटांची भोकं, लहानच. भोक मोठं केलं की सूर चढतो, मोठं झालेलं लहान करता येत नाही, पण मेण लावून तपासता येतं. किती लहान हवं होतं ते मेण सांगतं, पुढच्या नळीत ते माप वापरा. सातवं भोक चावीशिवाय, बोटाने किंवा कुणाकडून तरी धरून घेऊन, हवेला हवं तिथे पाडा. मगच चावीचा दांडा त्या भोकापासून करंगळीपर्यंत किती लांब आणि किती वाकडा हवा ते कळेल. कागदावर आधी नका ठरवू, मुलाच्या हातात नळी देऊन पेन्सिलीने खूण करा. मी तीन-चार मुलांच्या खुणा घेतो आणि सगळ्यात लहान हाताची धरतो.

सूर जुळवताना खोलीतलं तापमान लिहून ठेवा. दर अंशाला सूर सुमारे ३ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढतो. डिसेंबरच्या पहाटे जुळवलेलं वाद्य मेच्या दुपारी शाळेच्या बाजाच्या पेटीबरोबर लागणार नाही. श्वासाने नळी गरम होते म्हणून फरक थोडा कमी होतो, संपत नाही. मी वीस मिनिटं वाजवून नळी कोमट झाल्यावरच मोजतो.

फट शोधायला डोकं काढून ठेवा, पायाच्या खालच्या तोंडाला कॉर्क लावा, चावी दाबून धरा, बाकी भोकांवर बोटं, आणि नळीच्या वरच्या तोंडातून हवा ओढा. जीभ चिकटून राहिली पाहिजे. सुटत असेल तर सिगारेटच्या पातळ कागदाची पट्टी पॅडखाली ठेवून चावी दाबा आणि पट्टी हळू ओढा, चारही बाजूंना एक एक करून. जिथे सहज सुटते तिथे पॅड टेकत नाहीये. लाख परत कोमट करून पॅड तिकडे कलवा. अंधारात नळीत बारीक टॉर्च सोडूनही दिसतं, पण मला कागदावर जास्त भरवसा आहे.

शाळेला वाद्य देताना शिक्षकांना इतकं नक्की सांगा: वाजवून झालं की नळी तीन भागांत सोडून आतून फडक्याने पुसायची, पॅडखाली जुन्या टिश्यूचा तुकडा दाबून पाणी टिपायचं आणि तो काढून घ्यायचा, पेटीत बंद करण्याआधी अर्धा तास उघडं ठेवायचं. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलची पिशवी घालू नका, ती लाकूड एकदम वाळवते आणि जोड फुटतो. नवीन वाद्य पहिल्या आठवड्यात रोज दहा मिनिटांपेक्षा जास्त वाजवू द्यायचं नाही. आणि पहिल्या पावसानंतर, चवथीच्या सुट्टीत, सगळी वाद्यं एकदा परत तुमच्याकडे मागवा. पॅड त्या वेळी पुन्हा बसवायलाच लागतील, त्याचे वेगळे पैसे लावू नका, सुरुवातीच्या किमतीतच धरा.